विहिरीचे दोन ठिपके

सर, आज अकोल्यात प्रशिक्षणाला आलेल्या पोरापोरींना तुमचे दोन ठिपके शिकवले. आता त्याला डंबेल चार्ट म्हणतात. व्यायामशाळेतलं डंबेल कसं, दोन गोळे आणि मधे दांडी, तस्संच. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नाव मोठं अन् काम तेच!" हे पत्र कुठे टाकता येणार नाही, ठाऊक आहे. तरी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

अमरावतीच्या कचेरीत मी नवी लागले तेव्हा तुम्ही विहिरींचं पाणी मोजायचात. एका विहिरीला एक ओळ. उन्हाळ्यात पाणी किती, तो लाल ठिपका. दसऱ्यानंतर किती, तो निळा. आणि मधे रेघ. रेघ लांब म्हणजे विहीर भरली. ठिपके एकमेकांना चिकटले म्हणजे अख्खा पावसाळा जाऊनही पाणी चढलं नाही, त्या गावाला टँकर आधी. नापिकीची वाईट वर्षं होती ती. वरून पथकामागून पथक यायचं आणि तालुक्याची सरासरी मागायचं. तुम्ही तोंडावर म्हणायचात, "सरासरीची एक बादली भरून द्या साहेब, पितो मी." काय हिंमत होती हो तुमची! मी खाली मान घालून हसू दाबायची.

मग टँकरची यादी माझ्याकडे आली. कॉम्प्युटर नवा आणि मी अतिशहाणी. दसऱ्याचा रकाना क्रमाने लावला. गावांची नावं आणि उन्हाळ्याचे आकडे होते तिथेच राहिले. एका गावचा लाल ठिपका भलत्याच गावच्या निळ्याला जोडला गेला आणि मला पत्ताच नाही. रेघा मात्र काय सुरेख दिसत होत्या! यादी साहेबांच्या टेबलावर गेलीसुद्धा. तुम्ही ठिपक्यांच्या तक्त्याची नक्कल हातात घेतलीत आणि चांदूर बाजारकडच्या एका गावावर बोट ठेवलंत.

"काहून वं बाई? ह्या विहिरीत दसऱ्यानंतर मी सोता दोर सोडला. तळ दिसून राहिला होता. इतकं पानी आलं कुठून? जोडी कोनं फोडली?"

मी यादीवरून नजर फिरवली. ते गाव टँकरच्या यादीतच नव्हतं. तुम्ही मला चांगलं झापलंत आणि तडक साहेबांच्या खोलीत गेलात. दार उघडंच होतं.

"चूक माह्या हातानं झाली साहेब. यादी वापस द्या."

निवृत्तीला तीन महिने राहिलेला माणूस हे सांगतोय, साहेब नाही नाही ते बोलतायत, आणि मी दाराशीच उभी. संध्याकाळपर्यंत आपण दोघांनी हाताने यादी पुन्हा केली. ते गाव सगळ्यात वर आलं. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही तुमची लाल-निळी पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवलीत. त्या चुकीबद्दल परत कधी चकार शब्द काढला नाहीत. इतकं मोठं मन मी नंतर कुठल्याच कचेरीत पाहिलं नाही.

आज हीच गोष्ट सांगितली. सगळे मन लावून ऐकत होते. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण मॅडम, ती जोडी फोडली कोणी होती?"

पेन्सिल माझ्या हातातच होती, सर.

"होता एक कारकून," मी म्हणाले, आणि पुढची स्लाइड लावली.