चोरांच्या हाती लागला लगदा

प्रिय ठकू,

आधी आली ती लाँड्रीवाल्याची आई. जिने चढून धापा टाकत, आणि दारातच विचारते, तुमची नात कुठंय? म्हटलं, मावशीकडे तोंड फुगवून बसलीय. मागून तो स्वतः, हातात माझे पडदे, इस्त्री करून. ते धुवायला टाकले तेव्हा तू त्याच्याकडे कॉम्प्युटरचं काम बघायला नोकरीला होतीस, यावरून काय ते समज.

अगं, त्याच्या कॉम्प्युटरमधून चोरी झाली. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइलवरून धुणं सांगायचे पासवर्ड, सगळं नेलं. बातमी फुटली तशी माणसं दुकानावर धावली. तोच पासवर्ड बँकेलाही ठेवणारे काय थोडे आहेत? शिंपीणबाई तर रडायलाच लागली. ह्याला वाटलं, आता दुकानाला कुलूप.

मग तपासायला एक बाई आली. ती म्हणाली, नावं-पत्ते गेले ते गेले, पण पासवर्ड इथं नव्हतेच, नुसता लगदा होता. तूच तो करून ठेवला होतास ना, मला सांगितलं होतंस तसंच गं, कागद भिजवून कुटला की अक्षर परत वाचता येत नाही. माणूस आला की तो सांगेल ते पुन्हा तसंच कुटायचं आणि ठेवलेल्या लगद्याशी ताडून बघायचं. कुटताना प्रत्येकात मिठाची चिमूट वेगळी, म्हणून मायलेकांचा पासवर्ड एकच असून लगदे निराळे. आणि कुटणं मुद्दाम सावकाश, म्हणजे अंदाजानं एकेक शब्द लावून बघणारा चोर मेटाकुटीला येईल. ह्याच सावकाशीवरून तो तुला बोलायचा ना? त्यात त्याच्या आईचा विसरलेला पासवर्ड सांग म्हणाला, तू म्हणालीस माझ्याकडेही नाही, नवा घ्या, तर उर्मट ठरवून घरी बसवलं.

आता सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावलेत, कारण फार सोपा असला तर चोर कधीतरी ओळखेलही. पण अजून कुणाचं काही गेलेलं नाही.

इथं माझ्याकडे तो आपला पडद्यांच्या घड्याच नीट करत बसलेला. शेवटी आईच म्हणाली, "बोल की, तोंड शिवलंय का?"

तेव्हा म्हणाला, "आजी, तिनं माझं दुकान वाचवलं आणि मी तिलाच हाकललं. येईल का परत?"

आनंद लपवता येईना, दोनदा चहा टाकला मी. पण हो म्हटलं नाही. तुझ्या वतीनं बोलणारी मी कोण? म्हटलं, तिलाच विचार. फोनवर तू त्याचं नाव निघालं की ठेवून देतेस, म्हणून हे लिहायला बसले. काम घे, नको घेऊ, तुझी मर्जी. पण माफी तुझ्या कानांनी ऐक. मायलेक रविवारी सकाळी पुन्हा येणार आहेत.

तुझीच, हसून हसून गाल दुखलेली
आजी