भरतीची खूण

मलकापूर, मंगळवार, ७ मार्च १९९५, संध्याकाळ

ती खुंटी डोळ्यांसमोरून हलत नाही. फौजेतून निवृत्त झालेल्या दाजींना कोकणात लॉज बांधायचंय, म्हणून कायद्यानं समुद्रापासून सोडायचं अंतर किनाऱ्यावर मोजायला गेलो. नदीकाठी मोजतो तसं, पाणी दिसलं तिथं खुंटी ठोकली आणि टेप लावला. ओहोटी होती, हे आम्हा घाटावरच्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या मागच्या बाजूला मासळी वाळवणाऱ्या बाईनं वाळक्या शेवाळाची ओळ दाखवली, म्हणाली, "पाणी इथवर येतं. तुमची खुंटी दिसायची पण नाय." मी हसलो. मूर्ख!

आज दाजी कडेगावहून पेढे घेऊन आले. लॉज मंजूर. "त्या बाईची मासळीची शेड मात्र नामंजूर," म्हणाले. तिची शेड तर लॉजच्याही मागं! पण तिचं अंतर भरतीच्या खुणेपासून धरलं, लॉजचं माझ्या खुंटीपासून. कायदा एक, ऑफिस एक, मग मोजायच्या जागा दोन कशा?

"आवं दाजी, माझा नकाशा चुकलाय."

"शिक्का बसलाय न्हवं? मग कशाला उकरतोस रं?"

ते गेल्यावर नकाशा काढला. खुंटी खोडली. बाईनं दाखवलेली ओळ आठवून पेन्सिलनं रेघ ओढली.

ती लॉजच्या जेवणघरातून गेली.