मंडळाचा टॉवेल

रविवार, ४ जानेवारी

मंडळ बंद होणार! मैनुद्दीनभाईंनी चहा पिता पिताच सांगून टाकलं. "काम फत्ते झालं, अंजूताई. बीडला गाडी आली. आता रेल्वेप्रेमी मंडळ कावून पाहिजे?"

धुळाजीबाबा मेंढरं सुनेवर सोपवून दर आठवड्याला येतात. ते भडकले — "मंग आमी आयतवारी जायाचं कुटं?"

गावात रूळही नव्हते तेव्हापासून आम्ही भाईंच्या गॅरेजमागे जमतोय. सभासदाला मिळतं काय? जुनी वेळापत्रकं वाचायला, कुठली गाडी कुठून जाते यावर भांडायला, आणि वर्षातून एकदा परळीची सहल. एसटीने जायचं, फलाट तिकीट काढायचं, गाड्या डोळे भरून बघायच्या, एसटीने परत. लोक हसतात. हसू देत! अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून "अंजूताई, तुमची जागा ठेवलीय" असं म्हणणारं मला तेवढं एकच ठिकाण आहे.

सोमवार, ५ जानेवारी

भावजय म्हणाली, "बरं झालं ताई, आता रविवारी तुरीच्या शेंगा सोलायला तुमी हाव." जळल्या मेल्या त्या शेंगा!

गुरुवार, ८ जानेवारी

भाईंचा निरोप. सोमवारी सगळ्यांनी आपल्या बीडच्या रेल्वेगाडीतून आष्टीला जायचं, आणि मग मंडळाला रामराम. भाईंना भेट म्हणून टॉवेलवर लाल दोऱ्याने मंडळाचं नाव भरतेय. दोरा सारखा तुटतोय. की मीच ओढतेय.

सोमवार, १२ जानेवारी

हसून हसून पोट दुखतंय!

गाडी लागलेली होती. भाईंनी मी दिलेला नवाकोरा टॉवेल खिडकीच्या गजांतून आत बाकावर टाकला — "ताई, खिडकीची जागा तुमची. पक्की!" जागा धरली की काळजी मिटली. आम्ही सगळे निवांत चहाला गेलो. एसटीला असंच तर करतो! कंडक्टर येईपर्यंत आत बसतं कोण?

कप हातात, आणि गाडी हलली.

आम्ही बघत राहिलो. परळीत बघतो तसेच. अख्ख्या देशाच्या गाड्या तोंडपाठ, पण आजवर एकीत बसलेलं आमच्यात कुणी नाही!

"टावेल गेला की बे!" धुळाजीबाबा ओरडले.

भाईंनी कान खाजवला. मग म्हणाले, "लई शिकायचं बाकी हाय अजून. मंडळ बंद न्हाई!"

मी तिथेच फलाटावर रडले. लाज वाटली नाही. छातीवरचं ओझंच उतरलं.

मंगळवार, १३ जानेवारी

शेंगा सोलल्या. गुणगुणत. भावजय बघतच राहिली.

रविवार, १८ जानेवारी

गॅरेजवर एक अनोळखी बाई आल्या. आष्टीच्या रतनबाई, इथे लेकीकडे पुन्हा आल्यात. टॉवेलवरचं नाव दाखवत, विचारत विचारत पोचल्या. पिशवीतून घडी काढून भाईंच्या हातात दिली.

"डबा खच्चून भरला व्हता," त्या म्हणाल्या. "पर टावेल टाकल्याली जागा! कोण बसंल? मी सोता आष्टीपस्तोर उभी राहिले."

मी उठले आणि माझी खुर्ची त्यांना दिली.