म्हशीचं यमक

इंझोरी,
माघ, १९७१

प्रिय पंजाब,

खिडकीच्या गजांतून अर्धीच बाहेर येणारी कविता तुला अजून ऐकू येते का रे? मला आज सकाळपासून येते आहे. आपण दोघे शाळेबाहेरच्या ओट्यावर, मास्तर आत. वारा आपल्या बाजूचा असला तर ओळ पुरी यायची, नाहीतर 'ओढ्याकाठी बगळा उभा' एवढीच आपली, बाकीची आत बसलेल्यांची. मग उरलेली आपण जुळवायचो. 'पोटात त्याच्या मासळीची सभा' ही जोड माझी. (पुढे मी स्वतः मास्तर झालो तेव्हा पुस्तकात खरी ओळ सापडली. आपलीच बरी होती.)

असो. सप्रेम जयभीम. गुडघे काय म्हणतात? करडईचं तेल चोळतोस की नुसतं शेगडीजवळ बसून त्यांना धमकावतोस? माझी पत्रं तुला नव्या सूनबाई वाचून दाखवतात असं कळलं, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो : सूनबाई, मी देवमन, तुमच्या सासऱ्यांचा ओट्यावरचा सोबती, पुढे त्यांच्या बहिणीशी, भागिरथाशी, लग्न करून त्यांचा भाऊजी झालो. आता पुढचं जरा मोठ्याने वाचा, कारण सगळा दोष तुमच्या यजमानांचा आहे.

माझा निवृत्तीचा फंड हाती आला, तेव्हा वाशीमच्या बँकेतल्या या माणिकनेच मला बजावलं की सगळा पैसा एका ठिकाणी गुंतवू नका. मी गुंतवला नाही. थोडा कापूस घेतला, थोडी सरकी, थोडी ढेप, म्हणजे म्हशीच्या खुराकाची पेंड. मधली खोली आढ्यापर्यंत भरली, गोठ्यात आमची मैना म्हैस होतीच, आणि मी खाटेवर पडून स्वतःला सावकार समजू लागलो. मग कापसाचा भाव पडला. त्याच्यामागे सरकी पडली, सरकीमागे ढेप, शाळा सुटल्यावर ओट्यावरून उड्या टाकणाऱ्या पोरांसारखी. माणिक आला, खोली बघून खो खो हसला. "मामाजी, खुंट्या तीन ठोकल्या, पण भिंत एकच हाये!" (सरकी कापसाच्या पोटातली, ढेप सरकीच्या पोटातली, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांची गाठ माझ्या घरी क्वचितच पडते.)

मग त्याने चौकटीच्या कागदावर भावांच्या रेघा काढून सहसंबंध नावाचं शास्त्र शिकवलं. दोन वस्तूंचे भाव पावलाला पाऊल लावून चालले तर एक. ओळख ना पाळख असली तर शून्य. आणि एक चढला की दुसरा हटकून उतरतो, ते उणे एक. मी म्हटलं, म्हणजे तुझी आत्या आणि मी. त्यावर तो म्हणाला की घरात उणे असलेलं काहीतरी जपावं, तेच पडत्या काळात सांभाळतं; ढेप स्वस्त झाली की म्हशीचं फावतं, म्हणून मैनेला तेवढं हात लावू नका.

एवढ्यावर तो गप्प बसता तर! पण जाता जाता त्याने व्यापाऱ्यांचा एक खेळ सांगितला. नेहमी जोडीने चालणाऱ्या दोन वस्तूंची फारकत झाली, की चढलेली विकायची, पडलेली घ्यायची, आणि त्या पुन्हा जुळेपर्यंत वाट पाहायची. हे मला झटकन उमगलं, कारण हे निव्वळ यमक आहे! पहिली ओळ पुढे गेली, दुसरी खिडकीत अडकली, ती येणारच. मालेगावच्या बाजारात म्हशी आणि बकऱ्या माझ्या आठवणीत बरोबरच चढल्या-उतरल्या. यंदा म्हशी वर, बकऱ्या खाली. भागिरथा वेचणीला गेलेली पाहून मी मैना पोहरादेवीच्या धनसिंगला विकली आणि बकऱ्या आणल्या. (मैनेचा मोह आवरला, याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला.)

भागिरथा संध्याकाळी रिकाम्या गोठ्यासमोर उभी राहिली. "म्हस कायले इकली? मले इचारलं काय?" मी यमक समजावू लागलो. ती म्हणाली, "तुमी बसा जुळवत. म्हस घरी आली की मी येईन," आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने तुझ्याकडे आली. त्याच दुपारी बकऱ्या मधल्या खोलीत शिरल्या. कडी लावायचं काम भागिरथाचं असायचं. बकऱ्यांनी सरकी खाल्ली, ढेप खाल्ली, कापूस चघळला, माणिकचा चौकटीचा कागदही सोडला नाही. पंजाब, माझी सगळी गुंतवणूक आता एकाच पोटात आहे, आणि ते पोट टम्म फुगून अंगणात बसलं आहे. म्हशींचा भाव मात्र आणखी चढला. ढेप स्वस्त ना!

तरी मी मजेत आहे. स्वयंपाक जमतो. एकांतात कविता आठवतात.

तुझा,
देवमन

ता. क. भागिरथाला म्हणावं, मीठ सापडत नाही.

ता. क. मीठ सापडलं. तरी म्हणावं.

ता. क. सूनबाई, हे हळू वाचा, शक्य तर सासऱ्यांच्या कानातच. माणिकचा हिशेब चुकला आहे. आम्ही उणे एक असतो, तर ती गेल्यावर मी चढायला हवा होतो. तसं काही दिसत नाही. पंजाब, तिला कसंही करून पाठव. म्हैस मागायला धनसिंगकडे गेलो होतो, पण गप्पा मारल्या त्या कापसाच्या भावाच्या. त्याच्या घरचा चहा पिऊन परत आलो. चहा काळा होता, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारात घंटा वाजली. ओळखीची घंटा. उघडलं तर उंबऱ्यावर मैना, आणि तिच्यामागे दोर धरून धनसिंग, घामाघूम. "मास्तर, हे घ्या तुमची म्हस! आली तवापासून बाईले शोधून राह्यली, दुधाचा थेंब देत नाही. त्या फुगेल बकऱ्या द्या अन् मले मोकळं करा!" म्हणजे दोन्ही भाव जुळले रे, पंजाब! (माणिकला सांगू नकोस.) मैना मात्र आत येत नाही. मान लांब करून माझ्या खांद्यावरून घरात बघते आहे.