माझ्या जिभेची वाटणी

मी, खाली सही करणारी बाई, वय त्र्याहत्तर पूर्ण, पत्र्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर चौतीस वर्षं काम केलेली आणि कामगारांत ‘तोफ’ या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. तेवढं धाडस असलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत आले आणि विचारलं, “पुढे उणे पाच. जाऊ का?” ते म्हणाले, “नको आजी, मी मघाशीच चुकलो.”

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावं.

कलम १. राहतं घर. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, गॅलरी आणि पुस्तकांच्या वजनाने वाकलेली फळी, ही माझी आणि ह्यांची कष्टाची मिळकत. हे छापखान्यात खिळे जुळवायचे. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, स्वतःचे फारसे खर्चले नाहीत. दोघांच्या वाटणीचं मीच बोलले. हे घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावं. अट अशी, की माझ्या नातीला दर रविवारी या घरात येऊ द्यावं. मुलीने तिला अडवल्यास घर कामगार वाचनालयाला जावं.

कलम २. ही अट का घातली, ते सांगणं भाग आहे.

चौदा महिन्यांपूर्वी मी मुलीकडे जेवायला गेले होते. भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातून काचेचं भांडं निसटलं. माझे जावई अधिकारी आहेत, भाषा धुतल्या तांदळासारखी. ते खुर्चीवरून न उठता शांतपणे म्हणाले, “तुम्हा लोकांना अक्कल असती, तर ही कामं कशाला करावी लागली असती?” एकही शब्द वावगा नाही. बाईंची मान खाली गेली. माझी नात, वय नऊ, शेजारी बसून ऐकत होती.

मी म्हटलं, “माफी माग, हरामखोरा.”

मुलगी ओरडली, “आई! मुलीसमोर?”

“मुलीसमोर घडलं म्हणून मुलीसमोर.”

पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर धावताना मागे पडलेल्या एका जाड मुलीला खेळाच्या सरांनी सगळ्यांदेखत म्हैस म्हटलं. माझी नात रांगेतून बाहेर आली आणि सरांना माझाच ‘हरामखोर’ शब्द म्हणाली. कोणाकडून शिकलीस, असं विचारल्यावर तिने “आजीकडून” असं एका दमात सांगितलं. तिला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. मी आयुष्यात शेकडो सभा गाजवल्या, पण माझं इतकं अचूक भाषण दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. “आई, ती नऊ वर्षांची आहे गं.”

“आणि जिला म्हैस म्हटलं ती किती वर्षांची?”

“प्रश्न तो नाहीये!”

“मला तरी तोच दिसतो.”

“मग बस बघत. ती आता तुझ्याकडे येणार नाही.”

त्यानंतर मी नातीला पाहिलेलं नाही.

कलम ३. माझ्यावर असा आरोप आहे, की माझ्या जिभेला लगाम नाही. हे खोटं आहे, आणि मेल्यानंतरही मी ते खपवून घेणार नाही. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या प्रेसच्या खात्यात, शिव्यांना नियम होता आणि तो मी घालून दिला होता.

एकोणीस वर्षांची असताना मी कामाला लागले. शेजारच्या प्रेसवर माझ्याच वयाची एक मुलगी होती. एक नग वाकडा निघाला म्हणून फोरमनने तिच्या पाठीमागे येऊन तिच्या आईवरून शिवी हासडली. ती दचकली, पाय पेडलवर पडला आणि दोन बोटं साच्याखाली राहिली. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी गेटवर मी पहिल्यांदा बोलले. उभी राहायला काही नव्हतं, तर पत्र्याच्या कात्रणांचं पिंप पालथं घातलं.

तिथे सांगितलं ते इथे पुन्हा लिहिते. शिवी वर द्यायची, खाली नाही. कामगाराने फोरमनला द्यावी, फोरमनने मॅनेजरला द्यावी, मॅनेजरने मालकाला द्यायची हिंमत करावी. शिकाऊ पोराला, झाडूवाल्याला, ज्याला उलट बोलता येत नाही अशा कोणालाही देणारा तो भेकड. आणि शिवीत कोणाची आई-बहीण येता कामा नये, कारण त्या बिचाऱ्या तिथे नसतात आणि त्यांनी काहीही केलेलं नसतं. नियम मोडणाऱ्याने शिफ्ट संपल्यावर सगळ्या शॉपची कात्रणं गोळा करायची. पहिल्या महिन्यात आमचा मजला आरशासारखा चकचकीत होता. वर्षभरात कात्रणं उचलायला पुन्हा माणूस ठेवावा लागला. फोरमनसुद्धा सुधारला, निदान बोलण्याआधी समोरून येऊन उभा राहायला शिकला. माझी दहाही बोटं शाबूत आहेत आणि माझ्यानंतर त्या प्रेसवर बसलेल्या सगळ्या बायकांचीही आहेत.

मुलं शिवी ऐकून बिघडत नाहीत. शिवी कोणाला दिली जाते, हे बघून ती घडतात किंवा बिघडतात.

कलम ४. जंगम मिळकत. बँकेत जे काही असेल ते प्रेसवर जखमी होणाऱ्यांच्या निधीला द्यावं. पुस्तकं नातीला, समासात मी लेखकांशी घातलेले वाद खोडू नयेत. मोठा शब्दकोश तेवढा इमारतीच्या सेक्रेटरींना. त्यांनी माझ्याच खिडकीखाली ‘येथे लहान मुले राहतात, भाषा सांभाळा’ अशी पाटी लावली आहे आणि तिच्याच शेजारी उभे राहून ते रोज सकाळी साठीच्या वॉचमनला “ए, इकडे ये” म्हणतात. शब्दकोशात ‘अहो’ आहे. पान दुमडून ठेवलं आहे.

कलम ५. इथवरचा मजकूर मी वकीलबाईंना वाचायला दिला. तिशीची मुलगी आहे, फार बोलत नाही. तिने दोनदा वाचला.

“कायद्याने ठीक आहे, आजी. फक्त एक विचारू?”

“विचार की.”

“ही अट तुमच्या मुलीला कळेल, तेव्हा तुम्ही नसाल. मग ती उत्तर कोणाला देणार?”

मी तिला चहा ठेवायला सांगितला, कारण मला थोडा वेळ एकटीला हवा होता.

कलम ६. मी माझा नियम एकदा मोडला आहे. ते आजवर कुठे सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

संप फुटला त्या आठवड्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी गेटवर बोलायचं भाषण मी आठ पानं लिहून टेबलावर ठेवलं होतं. मुलगी सात वर्षांची होती. मला चहा आणून देताना तिच्या हातून कप कलंडला. मी तिला दंडाला धरून जिन्यात ओढलं आणि इमारतीतल्या सगळ्या पोरांदेखत म्हटलं, “हरामखोर कार्टे, तुझ्यापेक्षा मला मूल नसतं तर बरं झालं असतं.”

ती रडली नाही. आत गेली, पानं चिमटे लावून गॅलरीतल्या तारेवर वाळवली आणि जिथली शाई फुटली होती तिथला मजकूर, मला तो आठवड्यात दहादा म्हणताना ऐकलेला, आपल्या गोल अक्षरात पुन्हा लिहून काढला. मी ते भाषण वाचलं. टाळ्या पडल्या. अर्धी पानं कोणाच्या हातची होती ते मी कोणाला सांगितलं नाही आणि तिची माफीही मागितली नाही. कात्रणंसुद्धा उचलली नाहीत.

आज ती बालवाडीत शिकवते. वीस वर्षांत तिच्या वर्गात एकदाही आवाज चढलेला नाही. “माझी मुलगी मवाळ निघाली,” असं मी लोकांना हसत सांगत आले. ती मवाळ नाही. ती वीस वर्षं रोज माझ्या त्या एका शिवीला उत्तर देते आहे, आणि माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा ते उत्तर मोठं आहे. याचा मला अभिमान वाटतो. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

कलम ७. मेलेल्या माणसाने घातलेल्या अटीला उलट बोलता येत नाही. म्हणजे कलम १ मधली अट ही मी वर बसून खालच्याला दिलेली दुसरी शिवी ठरली असती. ती मी खोडली आहे. घर मुलीचं, विनाअट. नातीला कुठे पाठवायचं ते तिची आई ठरवेल.

कलम ८. या मृत्युपत्राची एक प्रत वकीलबाईंनी आजच मुलीच्या हातात द्यावी. त्या म्हणतात, मृत्युपत्र मरणानंतर वाचायची रीत आहे. असेल. पण मी तिची माफी मागते आहे आणि तिचं उत्तर ऐकायला मला जिवंत असलं पाहिजे. तिने यावं आणि मला तोंडावर हवं ते म्हणावं. मी तिची आई, म्हणजे तिच्या वरची. नियमाने तिला तो हक्क आहे. आणि लेकीसमोर म्हणायचं असेल, तर लेकीला घेऊन यावं.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला असं कळतं.

लिहून देणार: (सही) तोफ, आणि कंसात कागदोपत्रीचं नाव

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरचे शिंपी
साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई

कलम १ मधील खाडाखोड आमच्यासमोर झाली: दोघांच्या आद्याक्षरी सह्या.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: १७ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेबारा. शाळा एक वाजता सुटते.