पुंगळ्या, चिंच आणि जावईबापूंची बंदूक

शुगर लँड, टेक्सास
ऑक्टोबर २००३

सौ. शैलजाताई यांना सुलेखाचा मनापासून नमस्कार. कृष्णरावांनाही नमस्कार सांगा, आणि त्यांच्या गुडघ्याची मी आठवणीने चौकशी केली आहे हेही सांगा. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुम्ही दिलेले डिंकाचे लाडू विमानतळावरच्या माणसाने एकेक करून हुंगले, मग दुसऱ्या माणसाला बोलावून त्यालाही हुंगायला लावले, आणि शेवटी डबा बंद करून मला "हॅव अ नाइस डे" म्हणाला. त्यांना काय वाटलं ते देव जाणे, पण लाडू पोचले. गावाचं नाव शुगर लँड असलं तरी इथल्या हॉटेलात चहा मागितला की बिनसाखरेचा, बर्फ घातलेला आणि बादलीभर येतो. ऑक्टोबर लागला तरी उकाडा असा की पदर अंगाला चिकटतो. (तुम्ही म्हणाल, नागपूरकरणीला उकाड्याचं काय सांगता. पण ताई, तुमचा उकाडा कोरडा. हा ओला आहे.)

पत्राला उशीर झाला याचं कारण एवढंच, की काय लिहावं तेच कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलेलं नाही. पण तुम्ही माझ्यावर कामगिरी सोपवून पाठवलं होतं, तेव्हा तिचा तपशील तुम्हाला देणं माझं कर्तव्य आहे. रीमाने ईमेलवर आपल्या टोमॅटोच्या झाडांचा फोटो पाठवला, त्यात मागे टेबलावर एक लांबलचक बंदूक आणि शेजारी हातात फडकं घेतलेला आमचा शैलेंद्र दिसला, तुम्ही तो फोटो शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मोठा करून घेतलात, आणि मग मला नागपूरला बोलावून, साबुदाणावडे वाढून, अगदी शांत आवाजात सांगितलंत की, "विहीणबाई, जावईबापूंनी घरात बंदूक आणली आहे. ती तुम्ही बाहेर काढा, नाहीतर मी माझी मुलगी परत आणते." वडा माझ्या घशात अडकला होता तो मला अजून आठवतो. शैलेंद्र लहानपणी दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलालासुद्धा कानात बोटं घालून पळायचा. पण फोटो तो फोटो. मी शब्द देऊन निघाले.

इथे आल्यावर पहिले काही दिवस मी सरळ विचारलं नाही. (मुलगा तिशी ओलांडलेला, सूनबाई समोर, एकदम "बंदूक कुठे आहे रे?" असं कसं विचारायचं?) कपाटं आवरते म्हणून कपाटं पाहिली, गाद्या उन्हात घालते म्हणून पलंगाखाली पाहिलं. काही नाही. मग गॅरेजमध्ये एक जाडजूड लोखंडी कपाट दिसलं. त्यात काय आहे विचारलं तर शैलेंद्र म्हणाला, "पेपर्स आहेत, आई." हे म्हणताना तो मोटारीच्या चाकाकडे बघत होता, त्यावरून मी काय ते ओळखलं. कपाटाशेजारी एक टेबल. त्यावर भला मोठा दांडा असलेलं एक यंत्र घट्ट बसवलेलं. ते मला शेवया पाडायचं वाटलं आणि मुलाच्या हौसेचं कौतुक वाटलं. एक सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा. आणि प्लास्टिकच्या दोन डब्यांत पितळेच्या, बोटाएवढ्या, तोंडाशी निमुळत्या पुंगळ्या. काही बऱ्या, काही धुराने काळ्या झालेल्या.

ताई, पितळ काळं पडलेलं मला बघवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. शुक्रवार होता, दोघंही बाहेर होते. मी फ्रीजमधली चिंच काढली, मीठ घेतलं, दोन्ही डबे एका पातेल्यात उपडे केले आणि अशा घासल्या की सोन्यासारख्या झाल्या. मग अंगणातल्या टेबलावर वाळवल्या आणि लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरून ठेवल्या. चार पुंगळ्या देवापुढे उदबत्तीला घेतल्या. इतकी नेटकी उदबत्तीची घरं मी कुठे पाहिली नाहीत. काडी आत जाते आणि ताठ उभी राहते.

संध्याकाळी शैलेंद्र आला. मी दिवा लावून, उदबत्ती घेऊन नेहमीसारखी घरभर ओवाळत गॅरेजच्या दारापर्यंत गेले, तोच तो मागून ओरडला, "आई! तिकडे उदबत्ती नको! आत दारू आहे!"

मी मटकन पायरीवर बसले. बंदूक होती तेवढ्यावर माझ्या मनाची तयारी झालेली, पण हे तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी त्याला विचारलं, कधीपासून घेतोस? तो म्हणाला, "मी कुठे घेतो? डबा भरूनच आलाय." मी म्हटलं, डबाभर? तो म्हणाला, "एक नाही, दोन आहेत." असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी त्याने माझ्या हातातली उदबत्ती नळाखाली विझवून मला आत नेलं आणि एक डबा उघडून दाखवला, तेव्हा आत काळ्या तिळासारखे कण दिसले. बंदुकीची दारू! माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच गेलाही, कारण घरात ती असणंही काही चांगलं नाही.

तेवढ्यात रीमा आली. तिने माझे रडके डोळे पाहिले, मग लोणच्याची बरणी पाहिली, मग देवापुढच्या उदबत्त्या पाहिल्या, आणि ऑफिसच्या कपड्यांतच स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. शैलेंद्र घाईने म्हणाला, "आई, अगं त्या तिच्या... म्हणजे माझ्या... पुंगळ्या आहेत." मला काही कळेना. तिच्या की तुझ्या? तो रीमाकडे बघायला लागला. तेव्हा रीमा म्हणाली, "आई, माझ्या आहेत. रायफल माझी आहे. शैलूला तिचा आवाजसुद्धा सहन होत नाही. तो फक्त फडकं धरतो."

ताई, इथे पत्र क्षणभर बाजूला ठेवून पाणी प्या. मीही तेव्हा प्यायले होते.

रीमाने मग मला चहा करून दिला आणि सगळं सांगितलं. शेजारी लॉरेन नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांचे यजमान वारले, त्यांचं गॅरेज आवरायला रीमा गेली होती. तिथे त्यांची नेमबाजीची रायफल आणि हे सगळं सामान निघालं. लॉरेनबाईंनी आधी तिला शिकवलं आणि मग कागदपत्र पाहून, रीतसर, तिलाच देऊन टाकलं. ही रायफल एका वेळी एकच गोळी उडवते. पुढच्या वेळी पुन्हा दाराची कडी काढावी तशी कडी मागे ओढायची आणि पुन्हा लावायची. मला हे बरं वाटलं. कडी काढेपर्यंत माणसाचा राग उतरत असेल. पण रीमा म्हणाली रागाचा काही संबंध नाही. ती कोणाला मारत नाही, हरिणालाही नाही, सशालाही नाही. फार लांबच्या कागदाला भोकं पाडते, आणि सगळी भोकं एकाच भोकात पडावीत असा प्रयत्न करते. मी म्हटलं, एकाच भोकात जायचं तर पुढच्या गोळ्या कशाला उडवायच्या? यावर शैलेंद्र हसला आणि रीमा विचारात पडली.

तर त्या पुंगळ्यांची, म्हणजे उडवून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांची, गोष्ट अशी. बार झाला की पितळ फुगतं आणि त्या रायफलच्या पोटाच्या मापाचं होतं. मग तीच पुंगळी घासूनपुसून, मापात आणून, नवी दारू तोलून घालून पुन्हा वापरतात. (ते शेवयाचं यंत्र त्यासाठीच.) पण पितळ थकतं, पुंगळी मानेशी चिरते, आणि चिरलेली पुंगळी डोळ्याजवळ उडवणं चांगलं नाही. म्हणून एका डब्यात कोवळ्या होत्या आणि दुसऱ्यात पोक्त. मी त्या सगळ्या एका पातेल्यात घातल्या. शिवाय चिंचेचा पितळावर काय परिणाम झाला असेल हे लॉरेनबाईंनी सामानाबरोबर दिलेल्या पुस्तकातही नाही. "आता टाकूनच द्यायला लागतील," रीमा म्हणाली. दोन आठवड्यांवर तिची स्पर्धा होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते मला फार लागलं. मी विचारलं की, इथे तर टूथपेस्ट मिळते त्याच दुकानात काडतुसं मिळतात, मग हा घरचा खटाटोप कशाला? ती म्हणाली, "आई, बाजारचा मसाला आणि घरचा मसाला सारखा लागतो का?" (ही मुलगी गोडा मसाला मात्र पाकिटातला वापरते, हे तुमच्या कानावर असावं.)

नवीन पुंगळ्या मागवल्या. त्या आल्यावर रोज रात्रीची भांडी आवरली की ती गॅरेजमध्ये बसायची आणि मी घडीच्या खुर्चीवर. अटी अशा की मी बोलायचं नाही, बिनतारी फोन घरातच ठेवायचा आणि कशाला हात लावायचा नाही. परदेशी पाहुण्याने लावू नये, कायद्याचं काहीतरी आहे, असं ती म्हणाली. म्हणजे या घरात सोवळ्यात असलेली ही एकच वस्तू, आणि तिला सासूने शिवायचं नाही! दारू तोलताना ती श्वाससुद्धा बाजूला सोडते. काट्यावरचा आकडा शेवटच्या घरात हलला तरी कण परत ओतते. रायफलची नळी साफ करायची ती लांब काठीने, नेहमी मागून पुढे, कधी उलट नाही. सुती कापडाचे चौकोन एकामागून एक आत घालायचे. आधी काळे निघतात, मग करडे, मग पांढरे. पांढरा चौकोन निघाला की तिचा चेहरा असा होतो, की मीही खुर्चीत सुटकेचा श्वास टाकते. (तुमच्या जावईबापूंची सगळी बनियनं चौकोनी झाली आहेत. तो गरीब शर्टाखाली काही न घालता ऑफिसला जातो.)

स्पर्धेला मी गेले. गावाबाहेर बरंच लांब, पत्र्याच्या छपराखाली, मोठाल्या पोटांची आणि टोप्यांची माणसं ओळीने पालथी पडलेली, आणि त्यांच्यात आपली रीमा. सगळे तिच्याशी अदबीने बोलत होते. एकाने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि शिवाय खारट शेंगदाणे दिले. कानांवर भली मोठी झाकणं घातल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे कळत नाही, हे मला नंतर समजलं. रीमाने एकामागून एक गोळ्या उडवल्या. मला कागदच दिसत नव्हता, भोक कुठून दिसणार? शैलेंद्र दुर्बिणीतून बघत म्हणाला, "आई, सगळ्या एकाच जागी चालल्यात!" शेवटच्या गोळीला सगळीकडे शांत झालं, आणि मला वाटलं तिच्या डोळ्यावर ऊन येतंय, म्हणून मी हळूच म्हटलं, "रीमा, टोपी खाली ओढ गं." ते हळूच नव्हतं. दोन्हीकडची माणसं वळली, आणि रीमाची गोळी, शैलेंद्रच्या म्हणण्याप्रमाणे, "शेजारच्या काउंटीत" गेली.

ती पाचवी आली. मी तिची माफी मागायला गेले तर ती मातीत बसून पोट धरून हसत होती. ताई, मी इथे आल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तिला तिथेच विचारलं, हे सगळं कशासाठी गं? आधी म्हणाली, मजा येते. मग म्हणाली, इथे काट्यावर काय ते खरं दिसतं. मग तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. यातलं खरं उत्तर कुठलं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

तेव्हा ताई, बंदूक जावईबापूंची नाही, तुमच्या लेकीची आहे, आणि कुलपात आहे. ती मी बाहेर काढलेली नाही. माझा शब्द पाळला गेला की मोडला याचा निर्णय तुम्हीच करा. मला करता येत नाही. कृष्णरावांच्या गुडघ्याला महानारायण तेल कोमट करून लावा.

तुमची,
सुलेखा

ता. क. खरं म्हणजे हे पत्र वेगळ्याच कारणाने लिहायला घेतलं होतं, पण ते कारण आठ पानं झाली तरी लिहून होईना. रीमाची नोकरी गेली वर्षभरापूर्वी. तिची प्रयोगशाळाच बंद झाली. नंतर ती दिवसदिवस अंथरुणातून उठत नव्हती, जेवत नव्हती. लॉरेनबाईंनी गॅरेज आवरायला नेली ती तिला उठवायला. काट्यावर काही तोलायला मिळालं आणि पोरगी पुन्हा माणसांत आली. मी आल्यापासून रोज ऑफिसचे कपडे घालून ती निघायची ती लॉरेनबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, केवळ ही गोष्ट माझ्याकडून तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून. परवा तिनेच मला सांगितलं. तुम्ही तिला सुवर्णपदकवाली म्हणून सगळ्या नागपुरात मिरवता, त्यामुळे तुम्हाला सांगायला तिला धीर होत नाही. रविवारी ती फोन करणार आहे. तेव्हा माझी विनंती एवढीच, की पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा, आणि आवाज चढवू नका. तिला रायफलचा आवाज चालतो, तुमचा चालत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात रीमा फोन ठेवून आली. रविवारपर्यंत तिला दम निघाला नाही. सगळं तिनेच तुम्हाला सांगून टाकलं म्हणे, नोकरीचं आणि रायफलचंही. आणि तुम्ही म्हणे आधी रडलात, मग विचारलंत, "ते जाऊ दे, पण तुझा नेम लागतो का गं?" आणि पुढच्या वर्षी स्पर्धेला येते म्हणून तारीखही विचारून घेतलीत! ताई, अहो, मग मला साबुदाणावडे घालून इतक्या लांब कशाला पाठवलंत? पत्र तरीही पाठवत आहे, लिहिलेलं वाया जाऊ नये. फक्त उलट टपाली कळवा, की मी आता नक्की कुणाच्या बाजूने आहे?