डांबराने बुजवलेलं भोक

बाबा,

गेल्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता तुमचा लाडका मुलगा शिरगावच्या सुरूच्या बनात गुडघ्यांवर बसून गॅसच्या नळीजवळ पेटती काडी फिरवत होता. नळी गळते का ते बघायला. मी त्याच्या हातावर फटका मारून काडी वाळूत पाडली. तो चिडलाही नाही. म्हणाला, "ताई, पेटली तरच कळनार ना गळते ती." साठी उलटून गेलेल्या माणसाचं हे शहाणपण, आणि ते तुमच्या घरात वाढलेलं.

त्याचे सध्याचे उद्योग तुम्हाला ठाऊक नसणार. वाडीतले चिकू उतरवायला माणसं मिळत नाहीत म्हणून त्याने बोईसरच्या एका वर्कशॉपमधून चाकांवरची पत्र्याची खोली बांधून घेतली आहे. ती जीपमागे जोडायची, समुद्राकाठी नेऊन उभी करायची आणि शहरातल्या लोकांना तिच्यात झोपायला द्यायचं. याला कॅम्पिंग म्हणतात. घरी एसी लावून झोपणारी माणसं इथे येऊन रात्रभर डास मारतात आणि सकाळी निसर्गाचं कौतुक करतात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आत दोन बाकं आणि एक शेगडी आहे. पुढे, जीपला जोडतात त्या दांड्यावर, पत्र्याची पेटी आहे. त्या पेटीत दोन सिलिंडर, आणि तिथून भिंतीतून आत शेगडीपर्यंत गेलेली नळी.

पेटीचं झाकण उघडलं आणि मला तारापूरच्या कारखान्यातले सगळ्यात आळशी कामगारसुद्धा आठवून बरे वाटले. एक सिलिंडर आडवा झोपवलेला, कारण उभा ठेवला की वाटेत खडखडतो म्हणे. नळी उन्हाने तडकलेली, तिच्यावर छापलेली मुदत कधीच उलटलेली, आणि जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. वास येतोय म्हटलं तर म्हणाला, वास येतो म्हंजे गॅस शिल्लक हाय. हे सगळं मी त्याच दिवशी निस्तरलं. पालघरहून नव्या नळ्या, क्लिपा आणि रेग्युलेटर आणले, दोन्ही सिलिंडर उभे करून पट्ट्याने आवळले, साबणाचा फेस प्रत्येक जोडाला लावला. एका ठिकाणी बुडबुडे आले, तिथली क्लिप पुन्हा कसली. आयुष्यभर कारखान्याची लॅब सांभाळली, एवढं मला येतं. मग पेटीच्या तळाकडे लक्ष गेलं.

वर्कशॉपवाल्याने तळाला मुठीएवढं भोक ठेवलं होतं. गॅस हवेपेक्षा जड असतो, बाबा. गळला की तो खाली बसतो, पाण्यासारखा. भोक असलं तर वाळूवर पडतो आणि वाऱ्याने निघून जातो. तुमच्या मुलाने त्या भोकात काथ्या ठासून वर डांबर ओतलं होतं. आता गळलेला गॅस पेटीत साठणार, आणि नळी जिथून आत गेली आहे त्याच फटीतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोचणार. असलं डांबर कोणी ओतलं असतं? मुंबईच्या माणसाने नाही, घाटावरच्या माणसाने नाही. हे फक्त आपल्या घरातलं काम.

मी लहान आहे, वैशाख संपत आला आहे, तुम्ही घराभोवती फिरताय. मी डांबराचं तापलेलं डबडं फडक्यात धरून तुमच्या मागे, तुमचा मुलगा काथ्याचा गुंडा घेऊन माझ्या मागे. चौकटीखाली, कौलांच्या कडेला, मोरीच्या भिंतीला जिथे उजेड दिसेल तिथे तुम्ही काथ्या ठासता आणि म्हणता, "भोक दिसला का बुजवाचा. खारी हवा घर खाते." बिजागऱ्या खाल्लेल्या आम्ही पाहिल्या होत्या, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण मग आपल्याकडे गॅस आला. आईने शेगडीला हळदकुंकू वाहिलं, आणि त्याच दुपारी तुम्ही ओट्याखालची जाळीची खिडकी बुजवायला बसलात. मी तेव्हा मॅट्रिकला होते. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं तसं मी सांगितलं, की ही एक उघडी ठेवा, गॅस खाली बसतो. आईसमोर, शेजाऱ्यांसमोर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "शालेतला शालेत ठेव." शेजारी हसले. तो काथ्या धरून उभा होता, तोही हसला.

मला कॉन्व्हेंटला घातलंत तुम्हीच. सायकलवर पुढे बसवून पालघरपर्यंत नेत होतात, वाटेत भेटेल त्याला सांगत होतात की पोरगी सिस्टरांशी इंग्रजीत बोलते. म्हणजे पोरीने शिकावं, बोलूनही दाखवावं, फक्त ते कोणी ऐकायची गरज नव्हती. ती खिडकी आई गेली तोवर बंदच होती. काही झालं नाही, हे तुमचं नशीब. तुमच्या मुलाला मात्र तो तुमचा शहाणपणा वाटतो.

रविवारी मी पेचकसाने डांबर उकरून काढलं. सोमवारी सकाळी बघते तर नवीन डांबर, अजून मऊ. विचारलं तर म्हणाला की वाळू शिरते, खेकडे शिरतात, सिलिंडरचा बूड गंजतो. मी पुन्हा सगळं समजावलं, बुडबुडे कुठे आले होते तेही सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझा शालेतला शालेत ठेव, ताई. बाबांनी सांगू दे, मंग काढतो."

शनिवारी त्या खोलीत माझी नात झोपणार आहे, तिच्या तीन मैत्रिणींसह. त्याने तिला कबूल केलं आहे, पोरींनी बॅगाही भरल्या आहेत. माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणते, आई, तुला जिथेतिथे कारखाना दिसतो, मामा आहे ना बरोबर. मामा आहे, तीच तर भीती आहे.

तेव्हा तुम्हीच सांगा. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत मला लेखी उत्तर हवं. एक ओळ पुरे, की पेटीचं भोक उघडं ठेव, आणि खाली तुमची सही, ती वळणदार, माझ्या प्रगतिपुस्तकावर करत होतात तशी. तुम्ही गेलात तिथला पत्ता पाकिटावर काय घालायचा ते मला माहीत नाही, त्यामुळे हा कागद इथेच टेबलावर राहील. मुदत तरीही तीच.

उत्तर आलं नाही तर मी त्याला सांगणार आहे की तुम्ही माझ्या स्वप्नात आलात आणि भोक उघडायला सांगितलंत. तो लगेच ऐकेल. त्याच्या स्वप्नात तुम्ही येत असता, जीप कोणत्या रंगाची घ्यायची तेही म्हणे तुम्हीच सांगितलंत. खोटं बोलण्याचं मला काही वाटत नाही. अडचण एवढीच, की तो विचारेल बाबा कसे दिसत होते, कुठे बसले होते, तुला काय म्हणाले. ते सगळं मला मनाने रचावं लागेल. माझ्याकडे तुम्ही अजून एकदाही आला नाहीत.